माल जप्त, टॅक्स चालू

“माल तर सरकारने नेऊन जाळला. आता त्याच मालावर टॅक्स पण भरायचाय म्हणे! आणि घर पण...”

खाड! लिफ्टचं दार लागलं आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हात्रेभाऊ मोबाइल कानाला लावून खाली निघून गेले. मी गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरत होते. हातात चादरी आणि कानात अर्धं वाक्य. घर पण काय? गेलं? जाणार? कुणी सांगायचं?

बोलणं दिनेशबद्दल होतं, यात शंकाच नव्हती. कारण आमच्या मजल्यावर ज्याचा माल सरकारने जाळलाय असा माणूस एकच आहे.

लोक मला म्हणतात, तुम्हाला एवढे किस्से कुठून मिळतात? मिळत नाहीत हो, साचतात. गच्चीवरच्या टाकीत गाळ साचतो ना, तसे. कुणी मुद्दाम टाकायला जात नाही. त्यात आमच्या बदलापूरच्या बिल्डिंगचा दुसरा मजला म्हणजे तीन दारं आणि एक पॅसेज. एक दार माझं. समोरचं शिरसाट सरांचं, जे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरून देतात. आणि कोपऱ्यातलं दिनेश साळुंखेचं, तो भाड्याने राहतो. सरांच्या हॉलमध्ये एक टेबल, दोन कॉम्प्युटर, बुद्धाची छोटी मूर्ती आणि छतापर्यंत फायली. माणसांना जागा नाही. म्हणून लोक नंबर लावून पॅसेजमधल्या बाकावर बसतात, आणि बाक माझा आहे. आमच्या ह्यांची अंबरनाथची कंपनी बंद झाली तेव्हा हिशेबात पैसे कमी आले, पण हा बाक मिळाला.

आता माझ्याच बाकावर बसून कुणी बोललं तर ते माझ्या कानावर पडणारच ना? मी नववी पास आहे, बहिरी नाही!

*

तर सुरुवातीपासून सांगते. दिनेश साताऱ्याकडचा. अंबरनाथ पूर्वेला त्याची पानाची टपरी. बायको कविता घरी बसून उल्हासनगरच्या जीन्सचे धागे कापते. शिवून आलेल्या पँटींना जे धागे लोंबत असतात ना, ते. गोण्या भरून पँटी येतात, ही कच् कच् कापते, गोण्या भरून परत जातात. माझ्या स्वयंपाकघराची आणि तिच्या खोलीची भिंत एकच. कात्रीच्या आवाजावरून मला कळतं, आज बाई खुशीत आहे का रागात.

या दोघांनी इथेच बदलापुरात, खरवईला नवीन बिल्डिंगमध्ये वन बीएचके बुक केला. बुकिंगचे पैसे सगळे कविताचे, धागे कापून साठवलेले. बाकीचं कर्ज. आणि बँक म्हणाली, धंदेवाल्याला तीन वर्षांचे रिटर्न लागतील.

म्हणून दिनेश सरांकडे गेला. मी तेव्हा चहा घेऊन तिथेच होते. सरांनी विचारलं, “धंदा काय लिहू?”

“पान, सिगारेट, थंडा.”

“एवढ्यावर बँक तुला खरवईची पायरीसुद्धा देणार नाही.”

दिनेशने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा चहाकडे. मग हळूच म्हणाला, “बाकीचं पण धरा मग.”

“बाकीचं म्हणजे?”

“पुड्या.”

गुटखा! बंदी असलेला! मी कप ठेवायचा तो चहा बशीतच ओतला. सरांनी आधी त्याला झापला. म्हणाले, ते विकणं आजपासून बंद कर. आणि मग म्हणाले, “पण कमावलेलं लपवता येणार नाही. धंदा चांगला का वाईट हे टॅक्सवाले बघत नाहीत. पैसे आले का, एवढंच बघतात.”

मला राहवलं नाही. “म्हणजे सर, चोराने पण टॅक्स भरायचा?”

“भरायचा, वहिनी.”

“आणि नाही भरला तर?”

“तर चोरीचा एक गुन्हा, टॅक्सचा दुसरा!”

एरवी लोक सरांकडे येतात ते टॅक्स कमी करा म्हणून. आमच्या बदलापूरला घर घ्यायचं असलं की उलटं असतं. उत्पन्न भरपूर दिसू दे सर, टॅक्स लागला तरी चालेल! दिनेशने पुड्यांसकट सगळं दाखवलं, टॅक्स भरला आणि पहिल्या चलानाला चक्क पेढे वाटले. टॅक्स भरल्याचे पेढे खाल्लेली माझ्याशिवाय कुणी बाई असेल तर तिने हात वर करावा.

विकणं मात्र त्याने बंद केलं नाही. घरी सांगितलंही नाही. कविता बिचारी मला म्हणायची, “काकू, अंबरनाथची माणसं पान किती खातात हो!”

*

दोन रिटर्न झाले. तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत, दुपारची वेळ. पॅसेजमध्ये बुटांचा आवाज आला. सरांकडचे लोक चपलांत येतात, बुटांत नाही. मी दार उघडलं. अन्न-औषध खात्याचे चार साहेब, दोन पोलीस. साहेबांपैकी एकाने माझ्याकडे बघून विचारलं, “ताई, तुम्ही शेजारीच राहता? पंच म्हणून या.”

कविता जमिनीवर बसली होती, मांडीवर पँट, हातात कात्री. तिला वाटलं, हे जीन्ससाठी आलेत. ती उठून सांगायला लागली, “साहेब, चोरीचा माल नाही हा. उल्हासनगरच्या शेठचा आहे, त्यांच्याकडे बिलं आहेत!”

साहेबांनी कोपऱ्यातली गोणी ओढली. वर पँटी होत्या. चार-पाच पँटी काढल्या, आणि खाली पुड्यांच्या माळाच माळा. दुसरी गोणी, तेच. तिसरी, तेच. नवऱ्याने बायकोच्या गोण्यांमध्ये, वरून पँटी अंथरून, माल ठेवला होता. तिला रोज त्यांनाच टेकून बसायची सवय.

कविता म्हणाली, “हे आमचं नाही. आम्ही पान विकतो.”

अगदी साध्या आवाजात म्हणाली.

आता मी खरं सांगते. जन्मभर मी लोकांच्या घरात डोकावले. कधी वाटीभर साखर मागायला, कधी उगाच. त्या दिवशी सरकारने स्वतः बोलावून सांगितलं, “ताई, नीट बघा, सगळं बघा, मग सही करा.” आणि माझी मान काही वर होईना!

*

पुढचं भराभर झालं. दिनेशला टपरीवरून उचलला, केस झाली, जामीन झाला. मालाची विल्हेवाट लागली, जाळला म्हणे. घरमालक येऊन सांगून गेला, “दिवाळीला अग्रीमेंट संपतंय. नवीन करणार नाही. खोली खाली करा.” बिल्डरनेही फोन केला, दसऱ्याच्या आत बँकेचं पत्र आलं नाही तर बुकिंग रद्द आणि भरलेले पैसे बुडाले. आणि बँक तिसऱ्या रिटर्नसाठी अडून बसलेली.

भिंतीपलीकडची कात्री बंद पडली होती. मला ती शांतता खायला उठायची. माझी बीपीची गोळी अर्धी होती, ती त्या महिन्यात डॉक्टरांनी पूर्ण केली.

आणि अशात जूनमध्ये ते लिफ्टमधलं वाक्य! मी दुसऱ्या दिवशी म्हात्रेभाऊंना गाठलं. “भाऊ, काल काय म्हणत होता, घर पण...?”

“कुणाचं घर? मी साडूशी बोलत होतो.”

“दिनेशचं हो!”

“अच्छा, दिनेशचं होय. मला काय माहीत? मी पण ऐकलेलंच!”

म्हणजे त्यांच्याकडेही अर्धंच होतं. बाकीचं अर्धं कुणाकडे होतं, देव जाणे.

*

दिनेशला सरांना एकच प्रश्न विचारायचा होता. जाळलेला माल नुकसान म्हणून धरता येतो का? रोज संध्याकाळी तो येऊन बाकावर बसायचा. पण जुलैमध्ये सरांकडे गर्दी ही अशी! पहिल्या दिवशी त्याच्या आधी नंबर होता एका बाबूंचा.

बाबू सरकारी खात्यातले. कुठल्या खात्यातले ते सांगत नाही, उगाच कशाला. लाच घेताना सापडले होते. नोटांना ती पावडर लावतात आणि मग हात पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं म्हणे. बाबू बोलता बोलता सारखे स्वतःची बोटं बघत होते. मी पाणी दिलं तर पेला घ्यायलाच तयार नाहीत!

दार उघडंच होतं. बाबू आत गेले आणि म्हणाले, “सर, ते पैसे तर तिथल्या तिथे जप्त झाले. मग ते माझं उत्पन्न कसं? पाच मिनिटंसुद्धा खिशात नव्हते हो! पाच मिनिटांचा टॅक्स किती होईल?”

सरांनी चष्मा पुसला. म्हणाले, “पाच मिनिटांवाले सोडा. जे खिशात राहिले, त्यांचं बोला.”

बाबू बाहेर आले ते जिन्यानेच उतरले, लिफ्टची वाट पण बघितली नाही.

“दिनेश, ये,” सरांनी हाक मारली. बाकावर कुणी नव्हतं. दिनेश आपल्या घरात जाऊन दाराला कडी लावून बसला होता.

*

दुसऱ्या वेळी त्याच्या आधी आमच्याच सोसायटीतली माणसं. बी विंगची. सात जण एकदम.

गणपतीत जागरणाला पत्ते खेळायची आपल्याकडे पद्धत आहे. आधी रमी, मग तीन पत्ती, मग मध्ये पैसे. आदल्या वर्षी कुणीतरी तक्रार केली आणि पोलीस आले. त्यांनी मधले पैसे उचलले आणि विचारलं, हे कुणाचे? एकाचेही नव्हते! एक जण प्रसादाला आलेला, एक आरतीचं पुस्तक शोधत होता, एकाला तर पत्ते म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. बेवारशी पैसे म्हणून जप्त झाले.

आता तेच सात जण सरांसमोर उभे. गेले ते पैसे नुकसान म्हणून दाखवायचे होते.

“कुणाचे होते?” सरांनी विचारलं.

“माझे!” सातही जण एका सुरात.

“बरं. पत्त्यात जिंकलं तर त्यावर टॅक्स आहे. हरलेलं मात्र वजा मिळत नाही. तरी तुमची हौस असेल तर प्रत्येकाने लिहून द्या, मी जुगार खेळत होतो.”

सातही जणांना एकदम आठवलं की टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा राहिलाय!

मी हसता हसता बाकाकडे बघितलं. दिनेश बसून होता, पण हसत नव्हता. सरांचं वाक्य पुन्हा पुन्हा ओठातल्या ओठात म्हणत होता. वजा मिळत नाही. वजा मिळत नाही. मग उठला आणि त्या दिवशी पण आत न जाता घरी गेला.

*

तिसऱ्या वेळी पम्मीशेठ आले. उल्हासनगरचे सिंधी, ज्यांच्या जीन्सचे धागे कविता कापते ते. त्या छाप्यात पुड्यांसोबत गोण्यांमधल्या पँटी पण गेल्या होत्या. शेठचा माल सगळा पक्का, बिलाचा, जीएसटीवाला.

कविताला वाटलं, आता हे काम काढून घेणार. ती माझ्या दाराआड उभी राहिली, पदर हातात घट्ट धरून. तिच्या घरात तेव्हा भरवशाच्या कमाईची तेवढीच आशा उरली होती.

शेठ आत गेले. “साईं, मेरा तो सब एक नंबर का है. मेरा नुकसान तो लिख सकते हो ना?”

“हो शेठ,” सर म्हणाले. “तुमचा धंदा सरळ आहे. तुमचं नुकसान मागता येईल. फक्त माल कुठे आणि कसा गेला ते लिहावं लागेल.”

“तो लिखो ना!”

“लिहितो. गुटख्याच्या गोणीत जीन्स पँट...”

“ठहरो, ठहरो!” शेठ खुर्चीवरून अर्धे उठले. “ऐसा लिखना पड़ेगा?”

“मग कसं लिहू? पँटी चालत गेल्या?”

शेठने डोक्याला हात लावला. दहा दुकानवाल्यांशी त्यांचा व्यवहार, त्यांच्यात नाव निघालं तर काय? शेवटी म्हणाले, “छोड़ो साईं. पँट मेरी, नुकसान भी मेरा. मैं खा लेगा.”

बाहेर आले आणि दाराआडच्या कविताला म्हणाले, “ए बेटी, काम चालू है. लेकिन अब से गोणी में ऊपर भी पँट, नीचे भी पँट!”

त्या दिवशी भिंतीपलीकडून कात्रीचा आवाज आला. हळू हळू, थांबून थांबून, पण आला. मी गॅस बारीक करून ऐकत उभी राहिले. वरण करपलं.

*

रिटर्नची तारीख जवळ आली, तसं कवितानेच दिनेशला दंडाला धरून आत नेलं. छाप्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. मी चहा घेऊन गेले. चहा कुणी मागितला नव्हता.

दिनेश म्हणाला, “सर, एकच विचारतो. मी गुटख्यावर नफा कमावला, तेव्हा सरकारने टॅक्स घेतला. बरोबर?”

“बरोबर.”

“मग तोच गुटखा सरकारने नेला, जाळला. तो माझा तोटा झाला. मग तो का नाही धरत?”

सर म्हणाले, “पूर्वी असं होतं की धंदा बेकायदेशीर असला तरी तोटा तो तोटाच, आणि कोर्टाने एक-दोघांना वजा दिलाही होता. आता सगळ्यात वरच्या कोर्टाने दार लावून घेतलंय. कायदा मोडला म्हणून जे जप्त झालं, त्याचा भार सरकारी तिजोरीने का उचलायचा? आणि बंदीचा कायदा मोडून झालेला खर्च तर आधीपासूनच चालत नाही.”

“म्हणजे नफ्यात सरकार माझं पार्टनर, आणि तोट्यात मी एकटा?”

“थोडक्यात तसंच.”

दिनेश म्हणाला, “असा पार्टनर मला आधी पण होता. माझा मेहुणा!”

सरांना हसू आलं, मला आलं. कविताला नाही आलं. तो मेहुणा म्हणजे तिचा भाऊ.

ती म्हणाली, “हसू नका. टॅक्स किती होतो ते सांगा.”

सरांनी आकडा सांगितला. जो माल राखेत गेला, त्याच्यासकट हिशेब. दिनेशने भिंतीला डोकं टेकलं. “मी लिहितच नाही काही. गुटखा नव्हताच म्हणून लिहा.”

“मग दुसऱ्या माणसाकडे जा,” सर म्हणाले. आवाज चढवला नाही, पण फाईल मिटली. “माझ्याकडून जाईल त्यात सगळं जाईल. माल जप्त झाला हे पण, आणि तो वजा केलेला नाही हे पण.”

मी हातातला ट्रे टेबलावर ठेवला.

मग सरांनी फाईल पुन्हा उघडली. म्हणाले, “एक बाजू अजून बघा. समजा तोटा वजा मिळाला असता. मग यंदाचं उत्पन्न किती उरलं असतं? जवळजवळ काही नाही. असा रिटर्न घेऊन बँकेत गेला असतात तर?”

कविताने पटकन वर बघितलं. “म्हणजे तोटा धरत नाहीत, म्हणून कर्ज मिळेल?”

“मिळेल असं म्हणत नाही, ताई. मागायला तोंड राहील, एवढंच.”

कविता उठली, घरी गेली आणि रुमालात बांधलेले पैसे घेऊन आली. जीन्सचे. सरांसमोर ठेवले आणि नवऱ्याला म्हणाली, “जळलेल्याचं पण भरते मी. पण आता टपरीत पानाशिवाय काही दिसलं ना, तर पंच म्हणून काकूंना नाही, मला बोलवायचं!”

या वेळी पेढे नव्हते. पण चलान निघाल्यावर तिने ते दोन वेळा वाचलं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. मी बघितलं. म्हणजे दिसलं.

*

सप्टेंबरमध्ये, गौरी-गणपती उरकल्यावर, माझी बेल वाजली. गळ्यात ओळखपत्र, काखेत हेल्मेट, हातात पॅड. “मावशी, बँकेतून व्हेरिफिकेशनला आलोय. शेजारचे दिनेश साळुंखे कसे आहेत?”

असं असतं हे मला माहीतच नव्हतं! कर्ज देण्याआधी बँक शेजाऱ्यांना विचारते. म्हणजे बघा, अख्ख्या बदलापुरात ज्या बाईला या घरातलं सगळं माहीत आहे, नेमकी तिचीच बेल या माणसाने वाजवली. खरं सांगावं तर घर जातं. खोटं सांगावं तर मी पंच, माझी सही सरकारदरबारी पडलेली.

“बाई फार चांगली आहे,” मी म्हटलं.

“अर्जदार पुरुष आहे, मावशी.”

“मग बाईला अर्जदार करा!”

त्याने पॅडवर काही लिहिलं नाही. “व्यसन वगैरे?”

“त्याला? नाही. स्वतः एक पुडी पण कधी...” आणि मी तोंडावर हात ठेवला.

“पुडी?”

“पुडी म्हणजे... चहाची पुडी! चहा घेता का?”

“मावशी, काही पोलीस केस वगैरे आहे का त्यांच्यावर?”

मी चपलांकडे बघितलं, लिफ्टकडे बघितलं. तेवढ्यात कोपऱ्यातलं दार उघडलं. कविता. एका हातात पँट, एका हातात कात्री. तिने सगळं ऐकलं होतं. भिंत दोन्ही बाजूंनी पातळ आहे, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

“काकूंना नका त्रास देऊ,” ती म्हणाली. “केस आहे. गुटखा सापडला होता, याच खोलीत. मला माहीत नव्हतं, पण सापडला. सगळा नेला, जाळला.”

त्या माणसाचं पेन हवेतच राहिलं.

ती आत गेली आणि प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. “आणि हे चलान. जाळलेल्या मालावर पण टॅक्स भरलाय आम्ही.”

“जाळलेल्या मालावर?”

“हो.”

“पण माल तर गेला ना?”

“गेला.”

“मग भरला कशाला?”

“वजा मिळत नाही,” कविता म्हणाली. अगदी सरांसारखी.

त्या माणसाने चलान उलटंसुलटं करून बघितलं. मग तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पॅड गुडघ्यावर ठेवून बराच वेळ काहीतरी लिहिलं. मला उलटं वाचता येतं. एका रकान्यात त्याने लिहिलं, ‘टॅक्स नियमित भरतात.’ केसच्या रकान्यात पण काहीतरी लिहिलं, पण त्यावर मेल्याने अंगठा ठेवला होता!

मग हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि म्हणाला, “चहा राहू दे, मावशी.”

त्यानंतरचे तीन आठवडे कसे गेले ते माझं मला माहीत. दिनेश रोज सकाळी टपरीवर जाताना माझ्याकडे बघायचा आणि मी मानेने नाही म्हणायचे, जसं काही बँकेचं पत्र माझ्याच घरी येणार होतं! दसरा चार दिवसांवर आला आणि बँकेचा फोन आला. दोघं गेले, संध्याकाळी परत आले, दार लावून घेतलं. भिंतीपलीकडे एक शब्द नाही. ना रडणं, ना हसणं. मी कान लावून लावून थकले. शेवटी सरळ जाऊन बेल वाजवली.

कविताने दार उघडलं. गोण्यांची तोंडं सुतळीने शिवत होती, सामान हलवायला. बँकेने मागितलं त्यापेक्षा कमी कर्ज दिलं होतं. बिल्डरने बुकिंग वन बीएचकेवरून त्याच बिल्डिंगमधल्या वन आरकेवर, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, फिरवून दिलं होतं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त त्या गोण्या दिसल्या आणि माझा धीरच सुटला.

“कविता, खरं सांग गं. घर गेलं ना?”

तिने सुतळी दातांनी तोडली.

“बेडरूम गेली, काकू. घर नाही गेलं.”